शिसे, मेण आणि काडतूस

वसईच्या किल्ल्यात १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या भाषेतून मराठीत पाव आला, पगार आला, साबण आला आणि काडतूसही आले. हे मूळचे काडतूस म्हणजे एक साधी कागदाची सुरळी. आत मोजून भरलेली दारू आणि टोकाला शिशाची गोळी.

साधी असली तरी सुरळीने मोठे काम केले. तोड्याच्या बंदुकीला आधी नळीत दारू ओतावी लागे, मग गोळी टाकून गजाने ठासावी लागे, मग रंजक घालून पेटती वात टेकवावी लागे. ऐन लढाईत हात थरथरला की दारू कमीजास्त पडायची. काडतुसाने हे माप आधीच, शांतपणे, सावलीत बसून घेता येऊ लागले. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती मुख्यत्वे सुरुंगांच्या जोरावर. पण तटावरून आणि तटाखालून सुटणाऱ्या बंदुकांची गोळी दोन्हीकडे एकाच कुळातली होती: मऊ शिसे वितळवून साच्यात ओतलेली, वाटोळी.

शिसेच का? ते ३२७ अंशांना वितळते, म्हणजे चुलीवरही वितळवता येते. ते जड असते, त्यामुळे लांबवर जोर टिकवते. आणि ते मऊ असते. या मऊपणातच पुढची सगळी कथा आहे.

नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी फिरत जाते आणि नेम सुधारतो, हे युरोपात फार पूर्वी कळले होते. अडचण एवढीच, की खाचांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून ठासायची कशी? जॉन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश लष्करातल्या कॅप्टनला याचे उत्तर हिंदुस्थानात सापडले असे सांगतात. दक्षिणेतले शिकारी फुंकनळीतून बाण सोडत. बाणाच्या बुडाशी मऊ भेंड असे. फुंकर बसली की ते फुगून नळीला घट्ट चिकटे. नॉर्टनने त्यावरून बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी घडवली. पुढे फ्रान्सच्या मिनिएने ती रूढ केली आणि १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत तिचाच वंश आला.

आता मऊ शिसे खाचांना घासू लागले. काळ्या दारूची काजळीही नळीत घट्ट बसायची. दहा-वीस बार झाले की पुढची गोळी आत जाईना. म्हणून काडतुसाला वंगण हवे होते. १८५७ च्या उठावात गाजलेली काडतुसांची चरबी या गरजेतून आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत चरबी आहे, पण ती का लागत होती हे क्वचितच सांगितले जाते. जानेवारी १८५७ मध्येच शिपायांना स्वतःचे वंगण, म्हणजे मेण आणि तेल, वापरायची मुभा दिली गेली. तोवर विश्वास गेलेला होता. ३१ जुलैला कोल्हापुरात मुंबई लष्कराची २७ वी पलटण उठली. या उठावामागे केवळ चरबी नव्हती, पण शेकडो मैल दूरच्या पलटणींनाही कळणारी खूण तीच होती.

यानंतर काडतूस धातूचे झाले. १८६६ च्या स्नायडर रायफलीसाठी वुलिचच्या एडवर्ड बॉक्सरने पितळी पत्र्याचे काडतूस केले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, तो याच उलथापालथीच्या दिवसांत. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिचा दस्त्याखालचा लिव्हर खाली ओढला की नळीचे बूड उघडे. भोक ०.४५ इंच, गोळी ४८० ग्रेन म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, शिशाचे १२ भाग नि कथलाचा १. गोळीमागे मधमाशीच्या मेणाची चकती. म्हणजे वंगण गेले नव्हते, ते फक्त आत जाऊन बसले होते. १८८० च्या अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होती. शेजारी लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सना जुनी स्नायडर दिलेली होती. १८५७ नंतर देशी शिपायाला साधारणपणे एक पिढी मागचे हत्यार मिळे. हा अन्याय त्या मैदानावर रक्ताने मोजला गेला.

तिकडे अमेरिकेत लिव्हरला गोळ्यांची नळी जोडली गेली. एकदा लिव्हर हलवला की रिकामे काडतूस बाहेर, नवे आत. १८७३ चे सरकारी काडतूस .४५-७० होते: भोक ०.४५ इंच, दारू ७० ग्रेन. १८८१ च्या मार्लिनने आणि १८८६ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या विंचेस्टरने ते लिव्हरच्या रायफलीत बसवले. नळीत काडतुसे एकापाठोपाठ एक राहतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून बार नळीतच उडू शकतो. म्हणून या गोळ्यांचे नाक चपटे ठेवतात. आजही तिथले हौशी लोक घरी शिसे, कथील, अँटिमनी वितळवून त्या ओततात, खाचांत मेण भरतात, शिकारीला नेतात किंवा रिकाम्या डब्यांवर नेम धरतात.

१८८६ नंतर बिनधुराची दारू आली. वेग इतका वाढला की नुसते शिसे टिकेना, गोळीला तांबे-निकेलचे कवच चढले आणि भोक .३०३ पर्यंत आक्रसले. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात.

आपल्याकडची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबली आणि ते योग्यच झाले. वसईजवळचे तुंगारेश्वर आज अभयारण्य आहे. पण मेण लावलेली, कवच नसलेली शिशाची गोळी मराठी माणसाच्या हातून गेलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफलीत ऑलिंपिकचे कांस्य मिळवले, ते तिच्याच .२२ या धाकट्या भावंडाने. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते.