कामगार म्हणजे नेमका कोण?

"कंपनीत जात नसते, फक्त काम बघतात." "आमच्याकडे बाई-पुरुष भेद नाही." ही वाक्ये आपण रोज ऐकतो. अभ्यासकांनी हा दावा कसा उघडा पाडत नेला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

१९७७ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास मांडला. बाई मागे राहते ती महत्त्वाकांक्षा नसते म्हणून नव्हे. बढतीची वाट बंद, हातात अधिकार नाही आणि वरच्या जागी ती एकटीदुकटी, म्हणून. दोष बाईचा नाही, रचनेचा आहे.

१९९० साली जोन ॲकर यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही रचना तरी तटस्थ आहे का? पदे आणि नियम ज्या 'आदर्श कामगारा'साठी बनले, त्याचे घर आणि मुले दुसरेच कोणी सांभाळते. म्हणजे तो पुरुष!

पण बाई म्हणजे कोणती बाई? जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली, ज्येष्ठतेनुसार कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घरी गेल्या. १९७६ साली न्यायालय म्हणाले, वर्णभेदाची तक्रार करा किंवा लिंगभेदाची, दोन्ही एकत्र चालणार नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण पुरुष. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच निकालावर बोट ठेवून आंतरछेदितेचा सिद्धांत मांडला.

आपल्याला हे परके नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर टाकू नये, ही भूमिका त्यांनी ॲकर यांच्या ६२ वर्षे आधी घेतली. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी ठणकावले की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. पुढे १९९५ साली गोपाळ गुरू आणि १९९८ साली शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या वेगळ्या आवाजाचा प्रश्न विद्यापीठीय चर्चेत ऐरणीवर आणला.

म्हणून मित्रांनो, "आमच्याकडे इतक्या महिला, इतके अनुसूचित जातीचे" असे दोन आकडे कोणी तोंडावर फेकले, तर गप्प बसू नका. तिसरा आकडा मागा: अनुसूचित जातीच्या महिला किती? आणि त्या खुर्चीवर आहेत की झाडू हातात घेऊन? पदवार हिशेब मिळेपर्यंत त्या दोन आकड्यांआड आपलीच बहीण गायब राहणार आहे.

जय भीम!