पैठण ते मढी, माणशी पाचशे रुपये

पाडव्याला जोडून तीन दिवस सुट्टी टाकायची आणि नुसतं चालायचं, असं ठरलं. ठरवणारा मीच. मुक्काम मिळेल तिथे, खर्च माणशी पाचशेच्या आत. आणि वाटेत काहीतरी जुनं बघायला हवं, नाहीतर नुसतं चालायला पुण्यात बागा काय कमी आहेत?

आमचं मूळ गाव तिसगाव, तालुका पाथर्डी. त्यामुळे पहिला प्लॅन सोपा होता. नगरहून निघायचं, चांदबिबी महाल बघायचा, करंजीचा घाट चढून घरी. (महाल म्हणतात, पण ती कबर आहे, आणि तीही चांदबिबीची नाही. तिथे मूर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान झोपलाय. पण आम्ही नगरकर म्हणणार चांदबिबीच! जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं, तसंच हे.) कागदावर प्लॅन झकास दिसत होता. पण हा सगळा रस्ता म्हणजे कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने ट्रक आणि मधे आपण.

वहीत आखणी करत बसलो होतो तेव्हा अण्णा म्हणाले, "चालायचंच ना? मग पैठणहून मढीला चाल की. कावडीची वाट आहे ती."

मढी तिसगावच्या शेजारीच, गर्भगिरीच्या डोंगरात. गडावर कानिफनाथांची समाधी. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, भटक्या-विमुक्तांची सगळ्यात मोठी, आणि यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये याच समाधीबद्दल लिहिलंय की हिंदू इथे कान्होबा म्हणतात आणि मुसलमान शाह रमजान. परंपरा सांगते की शाहू मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून मढीला नवस बोलला गेला आणि पुढे तो फेडायला इथली बांधकामं झाली. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठण गाठायचं, गोदावरीचं पाणी कावडीत घ्यायचं आणि पाडव्याच्या सुमारास ते मढीच्या समाधीवर घालायचं, अशी रीत आहे. माणसं हे अंतर पायी तोडतात. बजेट वगैरे शब्द न वापरता!

मग मी नकाशा काढला. पैठण, घोटण, शेवगाव, अमरापूर, तिसगाव, मढी. सगळं मिळून साठेक किलोमीटर. घोटणला मल्लिकार्जुनाचं हेमाडपंती देऊळ, अमरापूरला रेणुकामाता. आणि पैठण तर काय, सातवाहनांचं प्रतिष्ठान.

इथे माझ्यातला हौशी इतिहासकार जागा झाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण आहे. त्यात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलंय, आणि तगर म्हणजे आपलं तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात, असंही तो लिहितो. (म्हणजे रस्त्यांची तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे.) भडोच ते पैठण आजच्या हिशोबाने चारशेच्या वर किलोमीटर भरतं. वीस दिवसांनी भागलं की दिवसाला वीसच्या आसपास. आणि आमची वाट? पैठण ते घोटण पहिला दिवस, घोटण ते अमरापूर दुसरा, अमरापूर ते मढी तिसरा. दिवसाला वीसेक!

मोह असा झाला की लिहूनच टाकावं, आमची कावडीची वाट म्हणजे सातवाहनांचा व्यापारी मार्ग. बोटं शिवशिवत होती. पण तिसगावचं किंवा मढीचं नाव त्या टिपणात नाही. 'नवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ झाला १८१९ मध्ये, त्यात कथा आहेत, मैलांचा हिशोब नाही. जुळतो तो फक्त वीसचा आकडा, आणि तो रस्त्याचा नाही, माणसाच्या आणि बैलाच्या पायांचा आहे. ओझं घेऊन तेव्हाही तेवढंच चालवत होतं, आजही तेवढंच. असो.

मी हे अण्णांना ऐकवलं. त्यांना सातवाहनांचं फारसं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "त्र्याहत्तरला गेलो होतो मी."

१९७२ चा दुष्काळ. पाऊस पडावा म्हणून आजीने कावड बोलली होती. अण्णा आणि थोरले काका दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कामावर खाडे करून, मजुरी बुडवून दोघे पैठणला गेले. तिकडे जायकवाडीचं धरण अजून बांधून व्हायचं होतं. पाणी भरून निघाले. अमरापूरच्या अलीकडे रस्त्यात एक बैल बसला होता, मालकाला काही केल्या उठवेना. काकांनी कावड उतरवली आणि दोन्ही तांबे त्याच्यापुढे धरले.

मढीला दोघे रिकाम्या हाताने पोचले. नुसतं दर्शन घेऊन घरी आले.

"एकनाथांनी गाढवाला पाजलं तर ते संत," अण्णा म्हणाले, "आम्ही बैलाला पाजलं तर तुझी आजी आठ दिवस बोलली नाही."

काका जाऊन सहा वर्षं झाली. ती कावड राहिली ती राहिलीच. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी तिसगाववर इतक्या वेळा लिहिलंय!

आता पंचाईत अशी की अण्णा येतो म्हणतात. वय ७६. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, आणि हा माणूस चालायचं म्हणतोय. गुडघ्याचं नाव काढलं की विषय बदलतात. शेवटी तडजोड झाली: पैठणला पाणी ते भरणार, अमरापूरपर्यंत एसटीने येणार आणि तिथून चालणार, जमेल तेवढं. घोटणमार्गे कावड माझ्या खांद्यावर. वहीत त्यांच्या नावापुढे प्रवासखर्च शून्य लिहिलाय.

दोन तांबे लागतील. एक घरात आहे, काकांच्या कावडीतला. दुसरा पैठणलाच घेऊ, म्हणजे माणशी पाचशेत काही बसत नाही.