चुकलेले निदान आणि न्यायाच्या वाटा

हृदयविकाराच्या झटक्याला डॉक्टरांनी ‘पित्त’ म्हटले आणि रुग्ण दगावला, तर दाद कुठे मागायची? पूर्वी भरपाईची वाट मुख्यतः दिवाणी दाव्याची होती. खर्चिक आणि रेंगाळणारी. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. वैद्यकीय उपचार ही त्यातील ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. मात्र सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये वगळली गेली; तिथल्या गरीब रुग्णाला प्रामुख्याने जुनीच वाट उरली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली.

विद्यार्थी मित्रांनो, निदान चुकले एवढ्याने दोष सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. छातीत दुखत असताना ईसीजी काढला होता का, असे प्रश्न न्यायालयात विचारले जातात. उत्तर केसपेपरात असते.