धुरावाचून आग

आगीशिवाय धूर निघत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. तंबाखूच्या बाबतीत ही म्हण उलटी करून पाहायला हवी. धूर दिसत नाही म्हणून आग नाही, असे मानता येईल का?

हा प्रश्न आज पडतो तो वेपमुळे, म्हणजेच ई-सिगारेटमुळे. पेनासारखी दिसणारी, बॅटरीवर चालणारी ही वस्तू तंबाखू जाळत नाही. तिच्यातले द्रव तापते आणि त्याची वाफ ओढायची असते. राख नाही, काडेपेटी नाही, कपड्यांना वास नाही. उलट आंब्याचा नाही तर पुदिन्याचा सुगंध. ब्रिटन-अमेरिकेत गर्भवती स्त्रियाही ती वापरताना आढळतात. आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे, तरी चोरट्या मार्गाने ती येतेच. ओढणारी स्वतःची समजूत घालते, "ही काय, नुसती वाफ!"

या वाफेचा इतिहास वीस-बावीस वर्षांचा. पण 'ही तंबाखू म्हणजे ती तंबाखू नव्हे' या समजुतीचा इतिहास फार जुना आहे, आणि त्यातले एक मोठे प्रकरण आपल्याच मातीत घडलेले आहे.

सुरुवात अकबराच्या दरबारापासून करू. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाचा त्याचा सरदार विजापूरला वकिलातीवर गेला होता. परतताना त्याने बादशहासाठी एक नवलाची चीज आणली, तंबाखू आणि ती ओढण्यासाठी रत्नजडित हुक्का. असद बेगने ही हकिकत स्वतःच लिहून ठेवली आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, हे औषध नवे आहे, पारखलेले नाही, आपल्या विद्वानांनी त्याबद्दल काही लिहून ठेवलेले नाही. मग ते हुजुरांना कसे द्यायचे? असद बेगने वाद घातला. नवी गोष्ट कधीतरी पहिल्यांदा वापरावीच लागते, असा त्याचा मुद्दा. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण अमीर-उमरावांनी घेतली. १६१७ साली जहांगीराने तंबाखूला मनाई केली, तोवर ती देशभर रुजली होती. त्या हकिमाचे नाव घराघरात पोचले नाही, तंबाखू मात्र पोचली.

घराघरात पोचताना तिने वेश बदलला. महाराष्ट्रात आणि कोकणपट्टीत बायकांपर्यंत ती आली मशेरी होऊन. तंबाखूची पाने तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. चार माणसांत विडी पेटवायची ज्या बाईची छाती झाली नसती, ती ओट्यावर बसून तासभर मशेरी लावत असे आणि कुणी भुवई उंचावत नसे. कारण हे व्यसन नव्हतेच मुळी, हे दात घासणे होते! मोहल्ल्यात, वाडीत, चाळीत, सगळीकडे हीच तऱ्हा. धर्म वेगळे, सण वेगळे, मशेरीची डबी मात्र सारखी. एकदा लावून भागत नाही, मग दुपारी, मग रात्री. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," "लावली नाही तर डोकं धरतं," ही वाक्ये आपल्यापैकी कित्येकांनी आजी-काकूंच्या तोंडून ऐकली असतील. ती लक्षणे तंबाखूच्या तलफेची होती, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

बाजारातल्या दंतमंजनांतही तंबाखू मिसळली जात असे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण कायदा कारखान्यातल्या डबीवर चालतो, चुलीवरच्या तव्यावर चालत नाही.

हे सारे चालू असताना पोटातल्या बाळाचा विचार कुठेच नव्हता. तो झाला अमेरिकेत, आणि तोही सिगारेटच्या निमित्ताने. तिथे १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींनी जाहीरपणे सिगारेटी ओढल्या. हा बनाव एडवर्ड बर्नेज या जाहिरातीच्या जाणकाराने तंबाखू कंपनीसाठी घडवून आणला होता. सिगारेट हे बाईच्या स्वातंत्र्याचे निशाण आहे, असे त्याने भासवले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३५ मध्ये, ओहायो राज्यातल्या सोंटॅग आणि वॉलेस या संशोधकांनी गर्भवतींना सिगारेट ओढायला देऊन बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. झुरका आईने घेतला, पण ठोक्यांची गती बदलली बाळाची. ही धोक्याची घंटाच होती. ती ऐकायला कुणाला सवड नव्हती.

१९५७ साली कॅलिफोर्नियातल्या सिम्पसन या संशोधकांनी साडेसात हजारांच्या आसपास बाळंतपणांची नोंद तपासली. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. १९७२ साली ब्रिटनमधल्या बटलर आणि गोल्डस्टीन यांनी सहकाऱ्यांसह १९५८ च्या देशव्यापी पाहणीची आकडेवारी मांडली. चौथ्या महिन्यानंतरही ओढत राहिलेल्या मातांची बाळे सरासरी १७० ग्रॅमने हलकी होती, आणि जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होते. त्याच अभ्यासात एक दिलासाही होता, त्याकडे शेवटी येऊ.

तंबाखू कंपन्यांनी यावर काय म्हणावे? १९७१ साली एका बड्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाला दूरचित्रवाणीवर याबद्दल विचारले गेले. बाळे लहान होतात हे त्याने नाकारले नाही. पण काही स्त्रियांना लहान बाळच हवे असेल, असे तो सहज बोलून गेला. अमेरिकेतल्या पाकिटांवर गर्भवतींसाठी इशारा छापला गेला १९८५ मध्ये. ओहायोतल्या त्या प्रयोगापासून मोजले तर मध्ये पन्नास वर्षे गेली. पन्नास वर्षांत बाळाची आजी होते.

या काळात दोष बहुतेक धुराला दिला जाई. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि बाळ उपाशी राहते, असे स्पष्टीकरण होते. ते खरेच आहे. पण मग धूरच नसेल तर? तंबाखू फक्त हिरड्यांना लावली तर? पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न विचारायला तशा बायका फारशा नव्हत्या. आपल्याकडे होत्या.

१९७८ साली कृष्णा यांचा तंबाखू चघळणाऱ्या गर्भवतींवरचा लेख ब्रिटनच्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात आला. बाळाचे वजन कमी आणि मृत जन्म अधिक, असे त्यात दिसले. मग २००४ साली मुंबईतला मोठा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या दुष्परिणामांवर आयुष्यभर काम केलेले डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांचा. मुंबईतल्या १२१७ गर्भवती स्त्रियांचा त्यांनी बाळंतपण होईपर्यंत मागोवा घेतला. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेकींची सवय होती मशेरीची. वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, आईचे वजन अशा गोष्टींचा हिशेब वेगळा काढूनही निष्कर्ष निघाला तो असा : धूर न ओढता तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी, आणि जन्म सरासरी सहा दिवस आधी. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच मातांबद्दल गुप्ता आणि सुब्रमणी यांनी लिहिले. मृत बाळ जन्मण्याचा धोका या स्त्रियांमध्ये अडीच पटींहून थोडा अधिक होता.

शंभर ग्रॅम म्हणजे काय? बाजारात दोन लिंबे. तीन किलोच्या बाळाला तेवढे कमी पडले तर फारसे जाणवणार नाही. पण आपल्याकडे कित्येक बाळे मुळातच अडीच किलोच्या काठावर असतात. आई अशक्त, रक्त कमी, दिवसभर काम. अडीच किलोखालचे बाळ म्हणजे कमी वजनाचे बाळ. त्याला अंगाची ऊब टिकवायला, दूध ओढायला, जंतूंशी झगडायला ताकद कमी पडते. काठावरच्याला पाण्यात ढकलायला दोन लिंबांचे वजन पुरते.

मशेरीने जगाला एक धडा दिला. धूर वजा केला तरी धोका वजा होत नाही. तंबाखूत इतरही विषे आहेत, पण निकोटीन हे त्यांतले मोठे. ते आईच्या रक्तातून वार ओलांडून बाळाकडे जाते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात. बाळाच्या घडत्या मेंदूवर आणि फुप्फुसांवर त्याचा परिणाम होतो. जन्मानंतर ते अंगावरच्या दुधातूनही बाळाला मिळते.

आता वेपकडे वळू. २००३ साली आपल्या संसदेने सिगारेट व तंबाखू उत्पादनांचा कायदा केला. त्याच वर्षी चीनमध्ये होन लिक या औषधशास्त्रज्ञाने आजच्या ई-सिगारेटचे पेटंट घेतले. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि तो स्वतःही सिगारेटच्या कचाट्यात होता. हेतू वाईट नव्हता. पण वस्तू बाजारात गेली की हेतू मागे राहतो. पुढे निकोटीनचे क्षार वापरणारी द्रवे आली. ती घशाला टोचत नाहीत, त्यामुळे निकोटीन जास्त गेले तरी कळत नाही. २०१९ साली भारताने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये सिगारेट ओढणाऱ्या ११४० गर्भवतींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. सिगारेट सोडण्यासाठी काहींना वेप दिले, काहींना निकोटीनच्या पट्ट्या. वेपच्या गटात कमी वजनाची बाळे थोडी कमी निघाली. म्हणजे जी बाई सिगारेट सोडूच शकत नाही, तिच्यासाठी दगडापेक्षा वीट मऊ. पण म्हणून कुणी विटेची उशी करत नाही. जिने कधी सिगारेट ओढली नाही, तिने दिवस गेले असताना वेप ओढण्याला या चाचणीचा काडीचाही आधार नाही. आणि त्या वाफेतले सुगंध व इतर रसायने बाळाला वर्षानुवर्षे काय करतील, हे सांगण्याइतके वय अजून त्या बाळांचे झालेले नाही. अकबराच्या हकिमाची हरकत इथे जशीच्या तशी लागू पडते. शिवाय घरात रांगते मूल असेल तर त्या द्रवाची गोड वासाची बाटलीही विषाचीच बाटली. थोडेसे पोटात गेले तरी जिवावर बेतते.

तर मग करायचे काय? पहिली गोष्ट, विचारताना नावानिशी विचारायचे. दवाखान्यात गर्भवतीला "तंबाखू खाता का?" असे विचारले तर मशेरी लावणारी "नाही" म्हणते. ती खोटे बोलत नाही. ती खातच नाही, लावते. वेप ओढणारीही "सिगारेट ओढता का?" याला "नाही" म्हणेल, आणि तीही खरेच बोलत असेल. म्हणून डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आशाताईंनी आणि घरातल्या थोरल्यांनीही एकेक नाव घेऊन विचारावे. मशेरी? गुल? गुटखा? विडी? वेप? रागावून नको, मायेने. आणि सुनेला विचारणाऱ्या सासूने आपली डबी आधी बाहेर काढून ठेवावी.

दुसरी गोष्ट, मघाशी राखून ठेवलेला दिलासा. बटलर-गोल्डस्टीन यांच्या अभ्यासात ज्या मातांनी चौथा महिना लागेपर्यंत सिगारेट सोडली, त्यांची बाळे न ओढणाऱ्या मातांच्या बाळांच्या बरोबरीने भरली. म्हणजे चूक झाली तरी वेळ गेलेली नसते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्याशी तिथे माणसे बोलतात. कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर हा क्रमांक आजच त्या घरी पोचवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)