वकील–अशील संवादाची गोपनीयता

कायदेशीर सल्ल्यासाठी वा बचावासाठी अशिलाने आपल्या वकिलास जे सांगितले, जे कागद दाखविले आणि वकिलाने त्यावर जो सल्ला दिला, तो सर्व मजकूर अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड न करण्याच्या बंधनास वकील–अशील संवादाची गोपनीयता असे म्हणतात. भारतात हा नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ ते १२९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ते १३४ ने घेतली आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक व काही शब्द बदलले. आशय बव्हंशी जुनाच राहिला.

संज्ञा व उगम

‘वकील’ आणि ‘अशील’ हे दोन्ही शब्द अरबीतून मराठीत आले. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले आहे तो, आणि अशील म्हणजे ते काम मुळात ज्याचे आहे तो. पेशवाईत परदरबारी पाठविलेल्या प्रतिनिधीसही वकीलच म्हणत. नियमाचे मर्म या जोडीत आधीच दिसते, कारण गोपनीयतेचा हक्क ज्याचे काम त्याचा, म्हणजे अशिलाचा आहे. वकिलास स्वतःच्या सोयीसाठी तो सोडून देता येत नाही.

इंग्लंडमध्ये या नियमाच्या खुणा सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. १५७७ मधील ‘बर्ड विरुद्ध लव्हलेस’ या प्रकरणात एका सॉलिसिटरला साक्ष देण्यापासून मुक्त करण्यात आले. प्रारंभी हा प्रश्न वकिलाच्या प्रतिष्ठेचा मानला जाई. सभ्य गृहस्थाने विश्वासाने ऐकलेली गोष्ट चारचौघांत सांगू नये, अशी त्यामागील धारणा होती. पुढे विचार बदलला. कायदा गुंतागुंतीचा असल्याने सामान्य माणसास जाणकाराची मदत घ्यावीच लागते. आणि आपले बोलणे उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल अशी धास्ती असेल, तर तो अर्धेच सांगेल व मिळणारा सल्लाही अर्धवटच असेल. आज नियमाचे समर्थन मुख्यतः याच भूमिकेवरून केले जाते.

भारतीय कायद्यातील तरतूद

१८७२ च्या अधिनियमाचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला. कलम १२६ मध्ये बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर आणि वकील असे चार व्यावसायिक नमूद होते. नव्या कायद्यात त्यांच्याऐवजी ‘अधिवक्ता’ हा एकच शब्द आहे. वकिलाचे काम संपल्यावरही बंधन संपत नाही, असे कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. दुभाषा, कारकून आणि वकिलाच्या पदरचे इतर कर्मचारी यांनाही ते लागू आहे. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण पक्षकाराची हकीकत वकिलाच्या आधी पुष्कळदा कारकूनच ऐकत असतो.

अशील स्वतः साक्षीस उभा राहिला, एवढ्यावरून त्याने संमती दिली असे होत नाही. त्याने आपल्या वकिलास साक्षीदार म्हणून बोलावले आणि गोपनीय बाबींविषयीच प्रश्न विचारले, तरच तेवढ्यापुरती संमती मानली जाते. वकिलाशी झालेले बोलणे सांगण्याची सक्ती खुद्द अशिलावरही करता येत नाही. मात्र तो साक्ष देण्यास पुढे आला असेल, तर त्या साक्षीच्या उलगड्यासाठी आवश्यक तेवढे सांगण्यास न्यायालय त्याला भाग पाडू शकते.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतही या बंधनाचा भंग करण्यास मनाई आहे. आरोपीच्या दोषाविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, असेही ते नियम सांगतात. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) ने अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. बोलणे गुप्त राहणार नसेल तर तो हक्क नावापुरताच उरेल. डॉक्टर किंवा पत्रकार यांच्यासाठी पुरावाविषयक कायद्यात असे कलम नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

अपवाद

गोपनीयता दोन ठिकाणी थांबते. बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी केलेला संवाद संरक्षित नाही. तसेच काम स्वीकारल्यानंतर एखादा गुन्हा वा लबाडी घडल्याचे दर्शविणारी जी वस्तुस्थिती वकिलाच्या पाहण्यात येते, तीही संरक्षित नाही. मूळ कायद्यातील उदाहरणांनी हा भेद नेमका दाखविला आहे. ‘मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा’ असे अशिलाने म्हटले, तर ते गुप्त राहते. ‘या बनावट खताच्या आधारे मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा’ असे म्हटले, तर ते गुप्त राहत नाही. तिसऱ्या उदाहरणात अपहाराच्या आरोपीच्या हिशेबवहीत, आरंभी नसलेली एक नोंद मागाहून झालेली वकिलास दिसते. तीही उघड करता येते. झालेल्या गुन्ह्याविषयी सल्ला घेणे आणि होऊ घातलेल्या गुन्ह्यासाठी वकिलाची विद्या वापरणे, अशी ही सीमारेषा आहे. इंग्लंडमध्ये या अपवादासाठी नेहमी उद्धृत होणारा ‘कॉक्स आणि रेल्टन’ खटल्याचा निर्णय १८८४ चा, म्हणजे भारतीय कायद्यानंतर १२ वर्षांनी आला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खरेदीखत किंवा हिशेबवही वकिलाकडे ठेवल्याने ती गुप्त होत नाही. त्याचप्रमाणे, अशिलाने गुन्हा कबूल केला आहे हे ठाऊक असलेला वकील फिर्यादी पक्षाचा पुरावा तपासून पाहू शकतो; पण खोटा पुरावा पुढे करून न्यायालयाची दिशाभूल करण्याची मुभा त्याला नाही.

निरपराध व्यक्तीचा प्रश्न

नियमाची सर्वांत कठोर बाजू अमेरिकेतील ऑल्टन लोगन प्रकरणात दिसली. शिकागोतील एका मॅकडोनाल्ड्स उपाहारगृहात १९८२ मध्ये झालेल्या सुरक्षारक्षकाच्या खुनासाठी लोगन यांना जन्मठेप झाली. तो खून आपण केल्याचे अँड्र्यू विल्सन या दुसऱ्या प्रकरणातील आरोपीने डेल कॉव्हेंट्री व जेमी कुंझ या आपल्या वकिलांजवळ कबूल केले होते. दोघांनी प्रतिज्ञापत्र करून ते मोहोरबंद पेटीत ठेवले आणि विल्सनकडून त्याच्या मृत्यूनंतर ते उघड करण्याची परवानगी घेतली. विल्सन २००७ मध्ये तुरुंगात मरण पावला, पेटी उघडली आणि २००८ मध्ये लोगन सुटले. तोवर त्यांची २६ वर्षे तुरुंगात गेली होती. वकिलांनी नियम पाळला, यात शंका नाही. परंतु त्याची किंमत ज्याने मोजली तो त्यांचा अशील नव्हता. टळण्याजोगा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा रोखण्यासाठी माहिती देण्याची मुभा अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत आहे, पण निरपराध्याच्या कारावासाचा त्यात उल्लेख नाही. भारतीय कलमाच्या शब्दांतही असा अपवाद आढळत नाही.

२०२५ चा निर्णय

जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने दोन ज्येष्ठ वकिलांना, त्यांपैकी एकाने दिलेल्या कायदेशीर अभिमताच्या संदर्भात, समन्स पाठविले. वकील संघटनांच्या तीव्र विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. याच सुमारास गुजरातमधील एका वकिलास पोलिसांनी पाठविलेल्या नोटिशीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. मूळचे अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला.

अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी त्याच्या वकिलास बोलावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. कलम १३२ मधील अपवाद लागू होत असेल, तर कोणत्या वस्तुस्थितीवरून तो लागू होतो हे समन्समध्येच लिहावे लागेल, आणि पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जा नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती घ्यावी लागेल. वकिलाचा संगणक वा मोबाइल हवा असल्यास तो केवळ न्यायालयापुढे हजर करावयाचा आहे. संबंधित पक्षकाराचे म्हणणे ऐकून, त्याच्या व वकिलाच्या उपस्थितीत आणि त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाच्या साहाय्याने तो उघडला जाईल. त्यातील इतर अशिलांची माहिती उघडी पडता कामा नये. एकाच यंत्रात शेकडो पक्षकारांचे कागद असतात, हे पाहता निकालाचा हा भाग व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडेल असे वाटते.

कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या विधी सल्लागारांस मात्र कलम १३२ चे संरक्षण नाही, कारण ते न्यायालयात वकिली करीत नाहीत. कंपनीच्या बाहेरील वकिलाशी त्यांचा जो पत्रव्यवहार होतो, त्याला कलम १३४ चा मर्यादित आधार मिळतो.