चिंचणीची भरती आणि पाण्यावरची हौस

डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर माणसाला पाण्यावरून सुखरूप नेण्याची सोय फार जुनी आहे, आणि तिचा लेखी पुरावा चिंचणीलाच मिळाला. इथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. तेव्हा संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत वळण. ताम्रपट मुळात एका मठिकेला दिलेल्या दानाचा आहे. पण त्या अधिकाऱ्याची सत्कृत्ये सांगताना दोन प्रवाहांवर त्याने फुकट तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, ठेवली आणि संजाणला भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्र घातले, असे त्यात नोंदले आहे. संजाण आता तलासरीपलीकडे गुजरातेत गेले. पण उपाशी माणसाला जेवू घालणे आणि वाटसरूला पाण्यापार नेणे ही एकाच तोलाची पुण्ये मानली गेली होती, हे या ओळींतून आजही स्वच्छ दिसते.

तर ही नडीची वस्तू होती. खाडी आडवी आली की पलीकडे जावेच लागे, म्हणून होडी चालवणाऱ्यावर जबाबदारी असे आणि सरकारचे तिच्यावर लक्ष. मुंबई इलाख्यात तरींसाठी आणि आतल्या पाण्यातल्या होड्यांसाठी १८६८ साली कायदा झाला. अंतर्देशीय वाफेच्या बोटींचा देशव्यापी कायदा १९१७ चा; त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली. महाराष्ट्राच्या लहान बंदरांचा कारभार १९९६ च्या कायद्याने महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आला. या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी दिसते ते साधे आहे: बोट तपासलेली असावी, तिच्यात किती माणसे बसवायची ते ठरलेले असावे, आणि सुकाणू जाणत्या हाती असावे.

कायद्याच्या कागदाबाहेरही या पाण्याला शिस्त होती, आणि ती मच्छीमारांनी लावलेली होती. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर मांगेला समाजाची वस्ती मोठी. त्यांच्या मासेमारीत डोळ हे जाळे महत्त्वाचे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात. लांबट पिशवीसारख्या या जाळ्याचे तोंड पाण्याच्या ओढीकडे असते. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा आत ढकलतो. म्हणजे जाळे एका जागी थांबते आणि समुद्र त्यातून वाहतो. अशा जाळ्यासाठी जागा कोणाची, हा प्रश्न पहिला. या जागांना कव म्हणतात. कवींच्या हद्दीवरून उत्तरेकडचे डहाणू-सातपाटीचे आणि दक्षिणेकडचे वसई-उत्तनचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे तंटा चालत आला आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याला जे पाणी मोकळे, बिनमालकीचे वाटते, ते प्रत्यक्षात शेतासारखे वाटलेले असते. बांधाच्या जागी दोराला बांधलेली पिंपे आणि तरंगते डबे असतात, एवढाच फरक.

हौसेने किनाऱ्यावर येणारी गर्दी या इतिहासात उशिरा आली. वाणगाव स्थानकावरून चिंचणी जवळ. जवळच बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. महामार्गामुळे मुंबई आणि वापी-सुरतकडचे लोक सुट्टीत सुरूच्या झाडांखाली गाड्या लावू लागले. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कारखान्यांना त्यामुळे बराच आळा बसला. पाण्यातल्या खेळांचा प्रश्न मात्र त्या काळी कोणापुढे नव्हता. ज्या यंत्राने तो जगभर उभा केला, ते यंत्र तेव्हा नुकतेच सर्वांच्या आवाक्यात येत होते.

हे यंत्र म्हणजे जेट स्की, किंवा बोलीतली वॉटर स्कूटर. मोटारसायकल पाण्यावर चालवण्याची कल्पना जुनी आहे; ब्रिटनमधल्या व्हिन्सेंट या मोटारसायकल कारखान्याने १९५० च्या दशकात ‘अमांडा’ नावाची पाण्यावरची स्कूटर काढली होती. आजचे रूप क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटोक्रॉसपटूच्या कल्पनेतून आले. कॅनडातल्या बॉम्बार्डियर कंपनीने १९६८ मध्ये ‘सी-डू’ आणली, पण ती तेव्हा टिकली नाही. कावासाकीने १९७३ मध्ये आणलेली ‘जेट स्की’ चालली, इतकी की कंपनीने दिलेले हे नाव सगळ्याच जातीला पडले. ती उभ्याने चालवायची असल्याने तोल साधावा लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहा आणि पुन्हा बॉम्बार्डियर यांनी बसून चालवायची यंत्रे आणली. कधी पाण्यात न उतरलेला माणूसही त्यावर बसू लागला, आणि भाड्याचा धंदा शक्य झाला. धोक्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

या यंत्राला बाहेर पंखा नसतो. तळातल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा ते जोराने मागच्या तोटीतून फेकतो, आणि त्या झोताच्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. हँडल वळवले की तोटी वळते. म्हणजे वळण झोतातून मिळते. झोत थांबला की हँडल नुसते हातात राहते. समोर पोहणारा दिसला, घाबरलेल्या नवख्याने वेग सोडला आणि हँडल पूर्ण फिरवले, तरी यंत्र सरळ त्याच्याच अंगावर जाते. सायकलीपासून मोटारीपर्यंत प्रत्येक वाहनाने माणसाला शिकवलेले असते की संकटात आधी वेग सोडायचा. इथे तीच सवय जीव घेते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या यंत्रांचा स्वतंत्र अभ्यास केला तेव्हा ही बाब ठळकपणे पुढे आली. इतर हौशी बोटींच्या अपघातांत माणसे बहुतेक बुडून मेलेली दिसली. या यंत्रांवर मात्र आदळून, मुका मार लागून मेलेले अधिक होते. लाइफ जॅकेट बुडण्यापासून वाचवते, धडकेपासून नाही. पुढे कंपन्यांनी यात सुधारणा केल्या, २००९ पासून काही यंत्रांना ब्रेकही आले. पण भाड्याच्या धंद्यात जुनी यंत्रे वर्षानुवर्षे चालतात.

सुरक्षेची सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे मनगटाला अडकवायची गुंडाळीदार दोरी. तिचे दुसरे टोक हँडलजवळच्या खटक्यावर बसते; चालवणारा पाण्यात पडला की ते निघते आणि इंजिन बंद होते. ती दोरी मनगटात नसेल, तर माणूस पाण्यात आणि यंत्र मोकाट. भाड्याने यंत्र घेणाऱ्याने पैसे देण्याआधी पाहावे ते हेच.

उपद्रवाची बाजू वेगळी. ही यंत्रे एका दिशेने निघून जात नाहीत. त्याच जागी गोल फिरतात, लाटेवरून उडतात. तळ पाण्याबाहेर आला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, खाली आपटला की दबतो. सलग आवाजाची कानाला सवय होते, अशा चढउताराची होत नाही. जुनी टू-स्ट्रोक इंजिने इंधनाचा मोठा भाग न जाळताच पाण्यात सोडत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सान हुआन परगण्याने १९९६ मध्ये आपल्या पाण्यात या यंत्रांवर बंदी घातली आणि १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २००० मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांतून ही यंत्रे हद्दपार झाली. ब्रिटनमध्ये मात्र कायदाच शब्दात अडकला. २००५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने जेट स्की हे ‘जहाज’ नाही असे ठरवले. कुठे जाण्यासाठी नाही, तर नुसते फिरण्यासाठी ती असते, असा त्यामागचा विचार. धडक देऊन माणसाला जखमी करणारा त्यामुळे जहाजांच्या कायद्यातून सुटला. ही फट २०२३ मध्ये बुजवली गेली. तरीच्या काळापासून चालत आलेला कायदा प्रवासासाठी होता. हौस त्याच्या व्याख्येतच बसत नव्हती.

मराठी मुलखाशेजारी या खेळांचा पसारा पहिल्यांदा वाढला तो गोव्यात, कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर. बोट चालवणारे आणि जीवरक्षक शिकवून तयार करणारी राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० मध्ये गोव्यातच सुरू झाली. २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या निशाणांमध्ये पोहायचे, लाल निशाण असेल तिथे पाण्यात जायचे नाही, ही खूण तिथे रुजली. महाराष्ट्रात तारकर्ली-मालवणने स्कूबा आणि जलक्रीडेचा धंदा उभा केला, आणि २४ मे २०२२ रोजी तिथेच पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.

डहाणूला ही किंमत त्याआधीच मोजावी लागली होती. १३ जानेवारी २०१८ रोजी पारनाक्याजवळच्या किनाऱ्यावरून सुमारे ४० विद्यार्थी एका बोटीतून समुद्रात फेरीला गेले. बोट उलटली. तीन मुली बुडाल्या. मुले एका बाजूला गोळा झाली, सेल्फी काढत होती, अंगात लाइफ जॅकेट नव्हती, असे तेव्हा सांगितले गेले. तीसहून जास्त मुले वाचली, कारण मच्छीमारांच्या बोटी तातडीने धावल्या आणि तटरक्षक दल उतरले. मुलांच्या सेल्फीला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. कोवळ्या वयातली मुले बोटीत हलणारच. किती बसवायची आणि जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हे बोट सोडणाऱ्याने पाहायचे असते. १८६८ पासूनचे कायदे त्याच्याशीच बोलत आले आहेत.

चिंचणीच्या पाण्यात जेट स्की उतरवायची म्हटली, तर आधी किनाऱ्याचा स्वभाव पाहावा लागतो. खंबातच्या आखाताकडे जाताना भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. ओहोटीला पाणी फार लांब जाते आणि ओली, काळसर रेती उघडी पडते; उथळ पाण्यात यंत्राची तळजाळी रेती ओढते. कंबरेच्या आतल्या पाण्यात इंजिन चालवायचे नाही, अशी या यंत्रांची साधारण सूचना असते. पुढे वरोर-वाढवणकडे खडकांचा पट्टा, आणि ओहोटीला त्यावर कालवे, शिंपल्या काढणारी माणसे. पाणी गढूळ, त्यामुळे पाण्याखालचा दोर वरून दिसत नाही. जाळीत दोर ओढला गेला की पंखा अडकतो, झोत थांबतो, आणि झोत थांबला की वळणही गेले. मच्छीमाराचे जाळे तुटते ते वेगळेच. श्वासासाठी वर येणाऱ्या समुद्री कासवांनाही वेगवान तळाचा धोका असतो. जखमी कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे.

राहते ती भरतीची वेळ. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरती साधारण किती वाजता येईल ते निघते, हा कोकणातला जुना हिशेब. डहाणूकडे वेळ थोडी पुढे सरकते. अष्टमीला सहा येतात: पाणी सकाळ-संध्याकाळ चढते, आणि भर दुपारी सहलीची माणसे कोरड्या रेतीत खेळतात. अमावास्या-पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास, आणि तेच उधाण सर्वांत मोठे. रविवार अशा तिथीला आला की सुरूची झाडे आणि पाणी यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी उरते. पोरे कंबरभर पाण्यात, आईबाप काठावर, आणि यंत्राला हवे तेवढे खोल पाणीही नेमके त्याच दोन-तीन तासांत, त्याच पट्टीला लागून. खुणांची निशाणे, पोहणाऱ्यांसाठी राखलेले पाणी आणि यंत्र बाहेर नेण्याची आखलेली वाट यांची गरज त्या तासांपुरती असते. मग पाणी उतरू लागते, आणि दूरवर डोळीच्या खुंटांभोवतीची पिंपे पुन्हा उलट दिशेला ताणली जातात.