एक देश, दोन आराखडे

२५ नोव्हेंबर १९७३ या दिवशी, रविवारी, डेन्मार्कमध्ये खासगी मोटारगाडी रस्त्यावर आणण्यास बंदी होती. ज्या महामार्गांवर एरवी पायी जाण्याची सोय नाही, तेथे माणसे मुलाबाळांसह चालत होती, सायकली हाकत होती. असे रविवार पुढे फेब्रुवारी १९७४ पर्यंत पाळले गेले. कारण सर्वांना माहीत होते. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत चौपट झाली. त्या वेळी डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात केलेल्या तेलातून येत होती. घरे तेलाने तापत, वीज तेलावर तयार होई, गाड्या तर तेलावर चालतच. देशात कोळशाच्या खाणी नाहीत, आणि सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटर, त्यामुळे जलविद्युतही नाही. उत्तर समुद्रातले तेल तेव्हा नुकतेच हाती येऊ लागले होते.

रविवारची बंदी उठली, पण प्रश्न राहिला. वीस वर्षांनंतर हा देश कशावर चालणार? त्याला १९७६ साली दोन उत्तरे मिळाली, एक सरकारकडून आणि दुसरे विद्यापीठांतल्या काही मंडळींकडून. या दोन आराखड्यांची गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी चक्रवाढीचे साधे गणित आहे.

त्या काळी भविष्याचा अंदाज बांधण्याची रीत अशी होती. मागील वीस वर्षांचा विजेचा वापर आलेखावर मांडायचा, रेषा पुढे वाढवायची आणि ती जेथे पोहोचेल तेवढी वीजकेंद्रे बांधायला घ्यायची. पश्चिम युरोपातल्या वीज कंपन्यांचा अनुभव होता की मागणी दर दहा वर्षांनी दुप्पट होते. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे सात टक्के वाढ. आज १०० एकके वीज लागत असेल, तर सात टक्के दराने वीस वर्षांनी ३८७ एकके लागतील. हाच दर दोन टक्के धरला तर लागतील १४९. म्हणजे कोणती केंद्रे बांधायची हा वाद सुरू होण्याआधीच, वाढीचा दर लिहिताना अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो. तो आकडा तज्ज्ञांच्या अहवालात एखाद्या परिशिष्टात बसलेला असतो, आणि त्याच्यावर मतदान होत नाही.

डेन्मार्कच्या वीज कंपन्यांना अणुऊर्जा हवी होती. शेजारच्या स्वीडननेही कोपनहेगनपासून सुमारे २० किलोमीटरवर, सामुद्रधुनीपलीकडे बार्सेबेक येथे अणुवीज केंद्र उभारले होते. त्यातली पहिली अणुभट्टी १९७५ साली सुरू झाली. तेल बेभरवशाचे, तेव्हा अणू हाच मार्ग, असा कंपन्यांचा आणि सरकारचा युक्तिवाद होता आणि तो पोरकट मुळीच नव्हता. १९७६ च्या सरकारी ऊर्जा आराखड्यात अणुवीज होती.

जानेवारी १९७४ मध्ये अणुऊर्जेविषयी माहिती देण्यासाठी एक नागरी संघटना स्थापन झाली. तिची पहिली मागणी थांबा आणि विचाराला वेळ द्या एवढीच होती. हसऱ्या सूर्याचे आणि ‘अणुऊर्जा? नको, आभारी आहे’ अशा नम्र शब्दांचे जे चिन्ह पुढे जगभर पसरले, ते याच चळवळीतले, १९७५ सालचे. पण नुसते ‘नको’ म्हणणाऱ्याला समोरचा विचारतोच, मग काय हवे ते सांगा. याचे उत्तर काही भौतिकीतज्ज्ञ, अभियंते व अर्थतज्ज्ञांनी एकत्र बसून तयार केले. त्यात तांत्रिक विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक नील्स मायर आणि नील्स बोर संस्थेतले बेंट सोरेन्सेन होते. सोरेन्सेन यांनी आदल्याच वर्षी, १९७५ साली, ‘सायन्स’ या प्रसिद्ध साप्ताहिकात एक लेख लिहिला होता. २०५० सालापर्यंत संपूर्ण डेन्मार्क केवळ ऊन आणि वारा यांवर चालवायचा झाला तर काय करावे लागेल, याचा तो हिशोब होता.

या हिशोबाची दिशा नेहमीच्या उलट आहे. आज काय चालले आहे ते पुढे ओढण्याऐवजी कोठे पोहोचायचे ते आधी ठरवायचे, आणि तेथून मागे आजपर्यंत येत वाटेतले टप्पे मोजायचे. दुसरी एक रीतही याच सुमारास रुळत होती. एकच भविष्य न सांगता दोनतीन वेगवेगळी, पण आतून सुसंगत अशी भविष्यचित्रे मांडायची. त्यांना ‘सिनॅरिओ’ म्हणत, म्हणजे मुळात नाटक-चित्रपटाच्या कथेचा आराखडा. शेल या तेल कंपनीत पिएर वाक यांनी १९७३ च्या आधीच अशी चित्रे रंगवून, तेल एकाएकी महाग होऊ शकते हे वरिष्ठांसमोर मांडले होते. कंपनीला ही पद्धत धंद्यासाठी हवी होती. डेन्मार्कमध्ये तीच लोकांच्या वादविवादात उतरली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पर्यायी आराखड्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: आधी गरज तपासा. माणसाला वीज किंवा तेल नको असते, उबदार खोली हवी असते. भिंती आणि छपरे नीट बंदिस्त केली तर तीच ऊब कमी इंधनात मिळते. दुसरे, औष्णिक वीजकेंद्रात इंधनातल्या ऊर्जेचा निम्म्याहून कमी भाग विजेत उतरतो, बाकीची उष्णता समुद्रात सोडली जाते. ते गरम पाणी नळांनी शहरात फिरवून घरे तापवली, तर त्याच इंधनाचा ८०-९० टक्क्यांपर्यंत उपयोग होतो. डेन्मार्कच्या काही शहरांत ही सोय आधीपासून होती, ती वाढवायची होती. तिसरा क्रमांक वाऱ्याचा आणि उन्हाचा. एवढे केले तर अणुभट्ट्यांवाचून चालते, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. सरकारी आराखड्याला उत्तर देणारा दुसरा आराखडा समोर आल्यावर वादाची पातळीच बदलली. आता दोन्ही बाजूंची गृहीतके शेजारीशेजारी ठेवून पाहता येत होती.

वाऱ्याचे नाव काढताच तज्ज्ञ हसत, कारण तो प्रयोग डेन्मार्कने करून सोडून दिला होता. येथे आपल्या व्यवसायातल्या एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. पोल ला कूर (१८४६ ते १९०८) हे आस्कोव्ह येथील लोकशाळेत शिकवत. १८९१ साली त्यांनी सरकारी मदतीने शाळेजवळ वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्यांनी विजेने पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन साठवला आणि १८९५ पासून काही वर्षे त्या वायूच्या दिव्यांनी शाळा उजळली. हायड्रोजनमध्ये हवा मिसळून अधूनमधून स्फोट होत आणि खिडक्यांच्या काचा नव्याने बसवाव्या लागत. १९०४ साली त्यांच्या वर्गात योहानेस यूल नावाचा मुलगा होता. पुढे अभियंता झालेल्या यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. ती १९६७ पर्यंत जवळजवळ विनातक्रार चालली, पण तेल स्वस्त असल्याने १९६२ सालच्या समितीने वाऱ्याची वीज महाग पडते असा निष्कर्ष काढला. त्या वेळच्या तेलाच्या भावाने तो निष्कर्ष बरोबरच होता.

१९७५ साली पश्चिम किनाऱ्याजवळ उल्फबोर्ग येथे ट्विंड शाळांच्या शिक्षकांनी काम हाती घेतले. आपले पगार एकत्र करून त्यांनी खर्च भागवला, विद्यार्थी आणि स्वयंसेवक राबले, आणि मार्च १९७८ मध्ये ५४ मीटर व्यासाच्या चक्राची पवनचक्की फिरू लागली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी होती. जनित्राची क्षमता दोन मेगावॉट असली तरी ती त्याच्या निम्म्याच्या आसपास शक्तीवर चालवली गेली. ती अजून उभी आहे. (या शाळासंस्थेच्या काही चालकांना २०१३ साली न्यायालयाने आर्थिक गैरव्यवहाराबद्दल दोषी ठरवले. पवनचक्कीच्या अभियांत्रिकीशी त्याचा संबंध नाही, पण गोष्ट सांगताना ते झाकू नये.) १९७८ सालीच रिसो येथे पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र सुरू झाले, १९७९ पासून उभारणीच्या खर्चाचा ३० टक्के वाटा सरकार उचलू लागले, आणि गावागावांत शेजारी मिळून पवनचक्क्या घेऊ लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यास अशा भागीदारीत सुमारे एक लाख कुटुंबे होती.

२९ मार्च १९८५ रोजी डॅनिश संसदेने यापुढे ऊर्जेची आखणी अणुवीज वगळूनच होईल असे ठरवले. चेर्नोबिलचा अपघात एप्रिल १९८६ मधला. हा निर्णय त्याआधी वर्षभर झाला होता, त्यामुळे तो भीतीपोटी घेतला असे म्हणता येत नाही.

मग पर्यायी आराखडा खरा ठरला काय? मागणीच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. १९८० नंतरच्या पंचवीस वर्षांत डेन्मार्कची अर्थव्यवस्था दीडपटीहून अधिक वाढली, पण ऊर्जेचा एकूण वापर जवळपास होता तेथेच राहिला. पुढे ओढलेली ती रेषा प्रत्यक्षात आलीच नाही. पुरवठ्याची बाजू मात्र वेगळी आहे. वीजकेंद्रांतल्या तेलाची जागा प्रथम वाऱ्याने घेतली नाही, आयात कोळशाने घेतली. १९८० च्या दशकात डेन्मार्कची बहुतेक वीज कोळशावरची होती आणि १९९० साली वाऱ्याचा वाटा दोनतीन टक्क्यांच्या आसपास होता. अणुवीज नाकारणाऱ्या देशाने आपल्या वाट्याचा कार्बन डायऑक्साइड पुढची बरीच वर्षे हवेत सोडला, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. विंदेबी येथे समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या १९९१ साली, आणि विजेतला वाऱ्याचा वाटा २०२३ साली निम्म्याहून अधिक झाला. सोरेन्सेन यांनी २०५० ही तारीख का धरली असावी, ते यावरून कळते. वीजकेंद्र तीसचाळीस वर्षे चालते, घर शंभर वर्षे टिकते. ती बदलायला तेवढाच काळ लागतो.

आता वाहतूक. ज्या रविवारी ही गोष्ट सुरू झाली त्या दिवशी गाड्या थांबल्या होत्या, पण पुढच्या काळात सर्वांत कमी बदलल्या त्या गाड्याच. घरे आणि वीजकेंद्रे तेलापासून दूर गेली, रस्त्यावरचा तेलाचा खप वाढत राहिला. त्या काळी नव्या गाडीवर किमतीच्या १८० टक्क्यांपर्यंत नोंदणी कर असणाऱ्या, सायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात हे झाले. याचे एक कारण ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवर पाहायला मिळते. झीलंड आणि फ्यून या बेटांमधून पूर्वी बोटीने गाड्या नेत. १९९७ साली तेथे रेल्वे सुरू झाली, १९९८ साली रस्त्याचा पूल खुला झाला, आणि पहिल्याच वर्षात ओलांडणाऱ्या गाड्या दुपटीहून अधिक झाल्या. ही मागणी आधी कोठे होती? बोटीची वाट पाहण्यापेक्षा न जाणे पत्करणाऱ्यांच्या घरी. रस्ता बांधला की वाहतूक जन्माला येते, आणि मग तीच पुढच्या रस्त्याच्या अहवालात ‘अपेक्षित वाढ’ म्हणून लिहिली जाते. विजेच्या बाबतीत हा फास ओळखला गेला, रस्त्यांच्या बाबतीत तो फारसा कोणी तपासला नाही. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. इंधन बदलत आहे, गाड्यांची संख्या हा प्रश्न वेगळा.

भारतात या पद्धतीचे सर्वांत नेटके काम बंगलोरच्या अमूल्य रेड्डी आणि सहकाऱ्यांनी केले. २००० सालासाठी कर्नाटकाला सुमारे ९,४०० मेगावॉट क्षमता लागेल, असे राज्याच्या १९८७ सालच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्याचे म्हणणे होते. रेड्डींनी विजेचा प्रत्येक वापर वेगळा काढला. प्रत्येक घरात दिवा पोहोचेल हे आधी गृहीत धरले, मग कार्यक्षम दिवे, कार्यक्षम पंप आणि पाणी तापवण्यासाठी सौर उपकरणे धरून हिशोब केला. १९९१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर सुमारे ४,००० मेगावॉट होते, आणि खर्च जवळपास एकतृतीयांश. गरिबांना वीज मिळायची तर मोठी केंद्रे हवीतच, हा समज त्यांनी आकड्यांनीच खोडून काढला. वाहतूक मात्र या हिशोबाच्या बाहेर होती, कारण तो विजेपुरता होता.

आठवी ते दहावीच्या वर्गात हे करून पाहता येते. शाळेत मुले, शिक्षक कशाने येतात ते मोजावे: पायी, सायकल, एस.टी., रिक्षा, दुचाकी. दहा वर्षांपूर्वीचे प्रमाण जुन्या शिक्षकांना व पालकांना विचारून अंदाजाने लिहावे. एका गटाने दुचाकींची रेषा पुढे ओढून वीस वर्षांनंतरचे चित्र काढावे आणि त्या गाड्या शाळेपुढे उभ्या कोठे राहतील ते जमिनीवर खडूने आखावे. दुसऱ्या गटाने वीस वर्षांनी पाच किलोमीटरच्या आतला प्रत्येक विद्यार्थी सायकलने सुरक्षित येतो असे धरून मागे यावे: कोणता रस्ता, कोणता पूल, एस.टी.ची कोणती फेरी, आणि यांतले पहिले काय व कोणत्या वर्षी. मग दोन्ही गटांनी एकमेकांची गृहीतके फळ्यावर लिहून काढावीत.